एक छोटंसं करेक्शन

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, आमचा काही आग्रह नाही." हे वाक्य कानावर पडलं की अनुभवी आर्टिस्ट खुर्चीत जरा मागे सरकतो. नवशिका मात्र हुरळून जातो. तो दोन रात्री जागतो, त्याला योग्य वाटेल तसं करतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कळतं की समोरच्याचा आग्रह होता, चांगला भक्कम होता. तो नेमका कशाचा आहे, एवढंच समोरच्याला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

मी हे धंद्यातून बोलतोय. लग्नपत्रिका, मुखपृष्ठं, दुकानांचे लोगो, मसाल्याची पाकिटं, सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, असं जे जे छापता येतं ते करून देणारी आमच्यासारखी पुष्कळ मंडळी पुण्याच्या पेठांमध्ये आहेत. अरुंद जिना, वर एक खोली, टेबल, कॉम्प्युटर, भिंतीला जुनी कॅलेंडरं आणि समोर दोन खुर्च्या. दोन अशासाठी की गिऱ्हाईक सहसा एकटं येत नाही. एक जण पैसे देणारा असतो आणि दुसऱ्याला 'यातलं कळतं'. हा दुसरा बहुधा मेव्हणा असतो.

या टेबलावर दिवसभर खोटं बोललं जातं आणि गंमत म्हणजे कुणाला कुणाला फसवायचं नसतं. माझं आपलं असं मत झालंय की या सगळ्या व्यवहारात कामाची वाक्यं दोनच आहेत आणि ती दोन्ही कुणाच्या तोंडून निघत नाहीत. गिऱ्हाइकाने म्हणायला हवं, "मला काय हवंय ते मलाच कळत नाहीये." आणि आम्ही म्हणायला हवं, "याचे एवढे पैसे होतील." ही दोन वाक्यं दोन्हीकडून गिळली जातात. मग उरलेलं सगळं बोलणं ती गिळलेली वाक्यं झाकण्यासाठी करावं लागतं, आणि त्याला फार वेळ लागतो.

घरगुती मसाल्यांचा व्यवसाय सुरू करणारं एक जोडपं येतं. मसाला उत्तम असतो. पुडी बांधून चवीला दिलेली असते, त्यामुळे आपण आधीच अर्धे विरघळलेले. पाकीट लाल करू या, असं आपण सुचवतो. मिरची आहे, तिखट आहे, दुकानाच्या फळीवर लांबून नजरेत भरायला हवं. वहिनी म्हणतात, "लाल जरा डोळ्यांवर येतो, नाही?" आपण लाल थोडा उतरवतो. "अजून थोडा." विटकरी करतो. मग मरून. मग जांभळ्याकडे झुकलेलं काहीतरी, जे पाहून मसाल्याऐवजी कोकम सरबत आठवावं. असा आठवडा जातो. शेवटी एके दिवशी भाऊ गाडीला किक मारता मारता सहज बोलून जातात, "खरं म्हणजे हिच्या जावेचं पापडाचं पाकीट लाल आहे."

झालं! हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर सरळ हिरवं पाकीट करून मोकळे झालो असतो. पण असलं कारण परक्या माणसाला सांगायचं नसतं आणि आर्टिस्ट परका असतो. पैसे द्यायच्या वेळी तेवढा तो घरचा होतो.

म्हणून ज्योतिषाला विचारून येणारं गिऱ्हाईक मला मनापासून आवडतं. तिथे 'जरा वेगळं काहीतरी' नाही, 'डोळ्यांवर येतो' नाही. मालकाला पिवळा लाभतो, तर पिवळा. अंकशास्त्रवाल्याने नावात एक 'अ' जास्त घालायला सांगितलाय, तर घातला 'अ'. दुकानाच्या पाटीवर तो निरुद्योगी 'अ' जन्मभर उभा राहतो, पण तो का उभा आहे हे मालकाला, मला आणि पाटी रंगवणाऱ्याला, तिघांनाही माहीत असतं. एवढा स्पष्टपणा आमच्या धंद्यात दुर्मीळ.

एरवी नकार थेट द्यायची आपल्याकडे रीतच नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातून बाहेर पडताना कुणी "आम्हाला मुलगी पसंत नाही" म्हणत नाही. पोहे छान झाले होते म्हणतात, "घरी जाऊन कळवतो" म्हणतात आणि आठ दिवसांनी मध्यस्थाकडून पत्रिका जुळत नसल्याचं समजतं. डिझाइन पसंत करण्याचा कार्यक्रम याच विधीने चालतो. "छान झालंय" हे पहिलं वाक्य. ते पोह्यांबद्दल समजायचं. "घरी दाखवतो" हे दुसरं. या घरात आई, बायको, मोबाइलवर 'असलं सगळं' पाच मिनिटांत करणारी कॉलेजातली मुलगी आणि न्यू जर्सीतला धाकटा भाऊ एवढे सगळे राहतात. धाकटा भाऊ रात्री अडीच वाजता आपलं मत लेखी पाठवतो. त्याची सुरुवात "इकडे असं करत नाहीत" अशी असते. मग दोन दिवसांनी निरोप येतो, "सगळ्यांना आवडलं. फक्त काहीतरी कमी वाटतंय."

काय कमी वाटतंय?

"ते तुम्ही बघा. तुम्ही आर्टिस्ट."

समिती असेल तर विचारूच नका. सोसायटीच्या स्मरणिकेचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात मुखपृष्ठ टाकलं की चिटणीस अंगठा दाखवतात, खजिनदार हात जोडतात, दोघे-तिघे फुलं टाकतात आणि एक काका त्याच वेळी पाण्याच्या टँकरबद्दल लिहितात. यावरून मुखपृष्ठ मंजूर झालं की नाही, हे सांगणारा जाणकार मला अजून भेटायचा आहे. पूर्वी अंगठा उठवला की शेताचा सातबारा फिरायचा. आता सतरा अंगठे आले तरी छापून आल्यावर चिटणीसच म्हणतात, "मी बघितलं होतं, पण ओके असं काही म्हटलं नव्हतं."

प्रूफाचं तेच. "प्रूफ वाचलंत?" या प्रश्नाला मराठी माणूस खरं उत्तर देत नाही. "वाचलं, ओके आहे, जाऊ द्या मशीनवर." लग्नपत्रिकेची गोष्ट सांगतो. पत्रिका 'साधी, सुटसुटीत' हवी असं ठरलेलं असतं. मग मॅटर येतं. त्यात आजोबांच्या चुलतभावांपासून चिमुरड्यांच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत चाळीस-पन्नास नावं असतात. मोठ्या काकांचं नाव वर की मधल्या काकांचं, हा त्या घरात पंधरा वर्षं न सुटलेला प्रश्न माझ्या टेबलावर सुटावा अशी अपेक्षा असते. नावं वर-खाली होता होता रात्रीचे अकरा वाजतात आणि तेव्हा 'ओके' येतं. खरं तर ते 'दमलो' असतं. चारशे पत्रिका छापून येतात. गठ्ठ्याची सुतळी सोडून वरची पत्रिका उचलणारा पहिलाच माणूस, तोही चष्मा घरी विसरलेला, क्षणात म्हणतो, "अरे, मामांचं आडनाव चुकलंय!" पडद्यावर आठ दिवस जे आठ जणांना दिसलं नाही ते कागदावर एकाला लांबून दिसतं. त्यानंतर कुणी "आम्ही वाचलं नव्हतं" म्हणत नाही. "तुमच्या लक्षात यायला हवं होतं" म्हणतात. मामांचं आडनाव!

रंगाबद्दल तर दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक असतात आणि तरी भांडण होतं. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो. लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांचा. कागदावरचा रंग शाईचा. सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार प्लेटांमधून उतरलेला. पडद्यावर झळाळणारा भगवा कागदावर यलो पूर्ण आणि मॅजेंटा साधारण निम्म्याच्या पुढे असा मिसळून आणावा लागतो, आणि कागद कुठला, शाई किती, मशीनवर माणूस कोण, यावर तो कधी केशरी होतो तर कधी वीटभट्टीकडे वळतो. हे सांगायला आम्हाला पंधरा मिनिटं लागतात. ती वाचवण्यासाठी आम्ही म्हणतो, "साधारण असाच येईल." या वाक्यातल्या 'साधारण' या शब्दावर आमचा भर असतो आणि 'असाच' या शब्दावर गिऱ्हाइकाचा. एका गृहस्थांनी पांढऱ्या शुभ्र माहितीपत्रकाला सलग तीन रात्री 'पिवळट वाटतंय' म्हणून नापास केलं होतं. चौथ्या दिवशी ते दुपारी आले आणि म्हणाले, "आता जमलं." फाइलला कुणी हात लावला नव्हता. त्यांचा फोन रात्री नऊनंतर डोळ्यांच्या आरामासाठी आपोआप पिवळा पडत असे.

आता आमच्या बाजूचं. आम्ही काही हरिश्चंद्राच्या वंशातले नव्हे. फोन वाजला की "तुमचंच काम हातात घेतलंय" असं म्हणणाऱ्या आर्टिस्टच्या हातात त्या क्षणी चहाचा कप असतो. "नव्वद टक्के झालंय" याचा अर्थ फाइलला नाव देऊन झालंय. पूर्वी 'लाइट गेली होती' या कारणावर आमची एक अख्खी पिढी जगली. इन्व्हर्टर आले आणि ती सोय गेली. आता 'फाइल जड आहे, अपलोड होतेय' यावर भागवावं लागतं. 'प्रेसवाल्याकडे अडकलंय' हे कारण सदाबहार आहे, कारण गिऱ्हाईक प्रेसवाल्याला ओळखत नाही. प्रेसवाला आपल्या गिऱ्हाइकांना सांगत असतो, "आर्टिस्टकडून फाइल यायचीय."

आणि सगळ्यात मोठं खोटं म्हणजे "केला बदल." गिऱ्हाईक मागे उभं राहून म्हणतं, हे अक्षर एक केसभर डावीकडे घ्या. आपण माउस हलवतो, काहीतरी दाबतो, उलट दाबतो. "आता?" "हां, आता कसं!" यात पाप आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मायकेलअँजेलोकडे बघावं. फ्लॉरेन्समध्ये त्याचा डेव्हिडचा सतरा फुटी पुतळा उभा राहिला तेव्हा शहराचा कारभारी पिएरो सोडेरिनी खाली उभा राहून म्हणाला, नाक जरा जाड वाटतंय. मायकेलअँजेलोने वाद घातला नाही. छिन्नी घेतली, फळीवर पडलेली संगमरवराची भुकटी मुठीत घेतली, शिडीवर चढला, नाकाला हात न लावता टकटक आवाज केला आणि मुठीतली भुकटी थोडी थोडी खाली सोडली. "आता बघा." सोडेरिनीला नाक आवडलं. पुतळ्यात जीव आला म्हणाला. ही गोष्ट वसारीने चित्रकारांच्या चरित्रग्रंथात लिहून ठेवली आहे. पाचशे वर्षं झाली, कला बदलली, साधनं बदलली. पण नाक आहे तसंच आहे आणि भुकटी अजून खाली पडतेच आहे.

मला त्यातली खरी बाब अशी दिसते की सोडेरिनीला नाकाची काही पडलेली नव्हती. एवढं थोरलं काम उभं राहिलं आणि त्यात आपला हात कुठेच नाही, हे कारभारी माणसाला सहन होत नाही. मेव्हण्याचंही तेच असतं. तो दुसऱ्या खुर्चीवर तासभर बसलाय, चहा झालाय, आता काहीतरी बोलायला नको? म्हणून तो म्हणतो, "लोगो थोडा मोठा करा." काही चलाख मंडळी या मेव्हण्यासाठी मुद्दाम एक ठळक चूक ठेवून देतात. तो ती पकडतो, आनंदाने घरी जातो, बाकीचं काम शाबूत राहतं. मी हे करत नाही. एखाद्या मेव्हण्याला ती चूकच सगळ्यात जास्त आवडू शकते.

तीन ऑप्शन देण्याची पद्धत याच भीतीतून आलेली असावी. पहिला ऑप्शन आपल्याला आवडलेला. दुसरा, पहिला खुलून दिसावा म्हणून केलेला. तिसरा आकडा पुरा करण्यासाठी, रात्री एक वाजता. गिऱ्हाईक तिन्ही समोर ठेवतं, बराच वेळ हनुवटीला हात लावतं आणि म्हणतं, "पहिल्याचा रंग, दुसऱ्याची अक्षरं आणि तिसऱ्यातलं ते फूल." ते फूल आपण का काढलं होतं हे आपल्यालाही आठवत नसतं. पुढची दहा वर्षं ते त्या माणसाच्या लेटरहेडवर फुलत राहतं.

अमेरिकेतल्या पॉल रँडने हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला होता. 'आयबीएम'चा लोगो त्याचाच. १९८६मध्ये स्टीव्ह जॉब्ज त्याच्याकडे 'नेक्स्ट' या नव्या कंपनीसाठी लोगो मागायला गेला आणि त्याने आपल्यासारखंच विचारलं, दोन-चार ऑप्शन द्याल का? रँड म्हणाला, नाही. तुमचा प्रश्न मी सोडवीन आणि तुम्ही पैसे द्याल. मी केलेलं वापरायचं की नाही, तुमची मर्जी; पण पैसे द्यायचे. ऑप्शन हवे असतील तर दुसरीकडे जा. लोगो एकच दिला, सोबत तो तसा का आहे हे समजावणारी पुस्तिका दिली आणि एक लाख डॉलर घेतले. जॉब्ज नंतर मुलाखतीत हे कौतुकाने सांगत असे. मी हा किस्सा एका गिऱ्हाइकाला मोठ्या उमेदीने सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण तो अमेरिकेतला. आणि तुम्ही किती घेणार म्हणालात? दोन हजार? मग तीन तरी दाखवा."

आपल्याकडे या दुखण्यावर अक्सीर इलाज दीनानाथ दलालांनी केला. त्यांनी १९४५मध्ये 'दीपावली' स्वतःच काढली. चित्रकार तेच आणि संपादकही तेच. कव्हरवरची बाई जरा अजून हसरी करा, पदर हिरवा नको, असं सांगायला टेबलापलीकडे कुणीच नाही. आरशात बघून नापसंती दर्शवावी लागली असेल तर तेवढीच. पण प्रत्येकाला आपलं मासिक काढणं शक्य नसतं. आणि ज्यांनी काढलं त्यांना मग जाहिरातदार भेटतात. जाहिरातदार म्हणजे मूळ गिऱ्हाइकाचा थोरला भाऊ. त्याने पूर्ण पानाचे पैसे भरलेले असतात, त्यामुळे पानात कोरी जागा दिसली की त्याला ती आपल्या पैशांची उधळपट्टी वाटते. "इथे एवढं रिकामं का? इथे फोन नंबर टाका." फोन नंबर वर आहे. "मग दुसरा टाका. मुलाचा."

साधेपणाबद्दल बोलताना सगळे 'ॲपलसारखं' म्हणतात. सुबक अक्षरांबद्दल बोलताना, ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे ते 'कमल शेडगेंसारखं' म्हणतात. नाटकांच्या जाहिरातींतली शेडग्यांची शीर्षकं ज्यांनी सकाळच्या पेपरात वर्षानुवर्षं पाहिली त्यांना चांगलं अक्षर कळतं, यात शंका नाही. हसायचं की घाबरायचं हे तिथे नुसत्या नावाच्या वळणांवरून समजायचं. तर तसं अक्षर हवं, उद्या सकाळपर्यंत हवं आणि 'आपल्याला काय, नाव तर लिहायचंय.'

आता दुसऱ्या गिळलेल्या वाक्याकडे येतो. पैसे. कलाशाळेत दोन अक्षरांमधली जागा डोळ्यांनी मोजायला शिकवतात, सावलीचे प्रकार शिकवतात, रंगांची नाती शिकवतात. "याचे आठ हजार होतील" हे वाक्य घसा न खाकरता कसं म्हणायचं, हे कुणी शिकवत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "किती होतील?" आपण म्हणतो, "होतील, बघू ना, तुमच्याकडून काय जास्त घेणार." हे बोलताना मनात आठ हजार असतात. त्याच्या मनात आठशे असतात. दोघेही आपल्या मनातल्या आकड्याशी एकनिष्ठ राहून महिनाभर अत्यंत प्रेमाने वागतात, एकमेकांना काका-भाऊ म्हणतात. बिल जातं त्या दिवशी नातं तुटतं. "एवढे? अहो, कॉम्प्युटरच तर करतो सगळं!"

काही जण पैशांऐवजी भविष्यकाळ देतात. "हे एवढं करून द्या, पुढे खूप कामं आहेत." पुढची कामं खरोखरच असतात, पण ती जास्त पैसे घेणाऱ्याकडे जातात, कारण फुकटात करणाऱ्याकडे 'मोठं काम' कसं द्यायचं? काही जण "तुमचं नाव होईल" म्हणतात. अशाने माझं नाव एवढं झालंय की आता फुकट काम असलं की लोकांना पहिलं मीच आठवतो.

कायदा या बाबतीत आमच्यापेक्षा धीट आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. म्हणजे गिऱ्हाईक "लवकरच देतो हो" म्हणतं ते कायद्याच्या हिशेबाने पंधरा दिवस. हे कलम मी अधूनमधून एकटा असताना वाचतो. फार बरं वाटतं. मग फोन उचलतो आणि म्हणतो, "नमस्कार, सहज केला होता फोन. मुलीची परीक्षा झाली का?" मुलीची परीक्षा झालेली असते, निकाल लागलेला असतो, पुढच्या वर्षाची पुस्तकं आणलेली असतात. माझं बिल मात्र अजून 'अकाउंट्सकडे' असतं. हे अकाउंट्स म्हणजे त्यांची बायको.

दोन्ही वाक्यं स्वच्छ बोलली गेली तर काय होतं, त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७१मध्ये पोर्टलंडच्या विद्यापीठात कॅरोलिन डेव्हिडसन नावाची विद्यार्थिनी होती. तिथेच हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या फिल नाइटला आपल्या बुटांसाठी एक चिन्ह हवं होतं. दर ठरला, ताशी दोन डॉलर. तिने काही रेखाटनं दाखवली. नाइटने त्यातलं एक उचललं आणि साधारण अशा अर्थाचं म्हणाला की हे मला फारसं आवडलेलं नाही, पण पुढेमागे आवडायला लागेल. बिल झालं पस्तीस डॉलर. ते चिन्ह म्हणजे 'नायके'ची ती बाकदार खूण. आता ती जगभर बुटांवर आहे, आपल्याकडे तर बनावट बुटांवर अस्सलपेक्षा जास्त असेल. १९८३मध्ये कंपनीने डेव्हिडसनला बोलावून हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले. लोक ही गोष्ट 'बिचारीला पस्तीसच डॉलर' अशी सांगतात. मला हेवा वाटतो तो नाइटच्या वाक्याचा. आवडलं नाही, पण घेतो! आमच्याकडे नेमकं उलटं असतं. फार आवडलं, पण घेत नाही.

असं स्वच्छ बोलणारं गिऱ्हाईक पुण्यात कोण, असं मला विचाराल तर उत्तर ऐकून सुसंस्कृत वाचकांना वाईट वाटेल. फ्लेक्स करायला येणारा कार्यकर्ता. हे माझं पक्कं मत आहे. बारा पानी 'ब्रीफ' पाठवणाऱ्या कंपनीला आपण 'तरुण पण परिपक्व, भारतीय पण जागतिक, ठळक पण सौम्य' दिसायचंय, यापलीकडे काही सांगता येत नाही. हा पोरगा रात्री दहाला बुलेटवरून येतो आणि उभ्या उभ्या सांगतो, "दादा, साहेबांचा वाढदिवस. दहा बाय पंधरा. साहेबांचा फोटो सगळ्यात मोठा. त्याखालोखाल माझा. बाकीचे सगळे खाली गोलात, सगळे सारखे, नाहीतर मारामारी होईल. मला गोरा करा. केस दाट करा. मिशी आहे तशीच ठेवा. मागे वाघ." कशासाठी वाघ, असं विचारायचं नसतं, पण विचारलं तर त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार असतं. "बरं दिसतं."

यात संदिग्ध काय आहे? आकार कळला, उतरंड कळली, अंतर्गत राजकारण कळलं, सौंदर्यदृष्टी कळली, वेळ कळली. "फुटाला किती?" विचारतो, दर ऐकतो, दोन रुपये कमी करा म्हणतो, एक रुपया कमी होतो, नोटा मोजून टेबलावर ठेवतो. पहाटे पाचला येऊन घेऊन जातो. 'काहीतरी कमी वाटतंय' म्हणत नाही. एकदाच एकाने फ्लेक्स उलगडून बघितला आणि म्हणाला, "दादा, वाघ माझ्यापेक्षा गोरा झालाय." नेमकी, मोजता येईल अशी, सुधारण्याजोगी तक्रार. मी दोन मिनिटांत वाघ सावळा करून दिला. चौकात तो फ्लेक्स बघून नाकं मुरडणाऱ्यांमध्ये मीही असतो, ती गोष्ट वेगळी. शहर विद्रूप होतं, मान्य. पण संवाद म्हणाल तर तिथे आहे.

तोंडाने बोलता येत नाही त्यासाठी पुण्यात पाटी असते. माझा एक मित्र, याच धंद्यातला, नारायण पेठेत बसतो. अत्यंत भिडस्त माणूस. पैसे मागताना त्याचा आवाज इतका खाली जातो की समोरच्याला वाटतं तो काहीतरी सांत्वन करतोय. गेल्या दिवाळीनंतर त्याने एका सुट्टीच्या दिवशी कुंचला घेतला आणि स्वतःच्या हाताने, झकास वळणदार अक्षरांत एक पाटी रंगवून टेबलामागे टांगली:

'काम सुरू करण्यापूर्वी निम्मे पैसे. नमुना फुकट दाखवला जात नाही. करेक्शन दोनदा, तिसऱ्यापासून आकार पडेल. पाच मिनिटांचे काम पाच मिनिटांत स्वतः करावे. मेव्हण्याचे मत लेखी घेतले जाईल.'

पहिले आठ दिवस तो पाटीकडे पाठ करून बसत असे. लोक वाचत, जरा हसत आणि विषय बदलत. मग एकदा मी तिथे असताना एक केटरर आले. लग्नकार्यांची जेवणं करतात, माणूस बोलघेवडा, धंद्यात मुरलेला. त्यांनी उभं राहून पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि मेन्यूकार्डचं राहू दे म्हणाले.

"मला अशी एक पाटी करून द्या. माझ्याकडची पार्टी दीडशे पानं सांगते, अडीचशे माणूस जेवून जातं आणि वर म्हणते, जिलबी कमी पडली."

"काय काय लिहायचं?" मित्राने कागद ओढला.

त्यांनी धडाधड सांगितलं. पानांचा आकडा चार दिवस आधी. वाढीव पानांचे पैसे त्याच रात्री. 'साधंच जेवण' म्हणजे काय ते पदार्थवार. मित्र लिहून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता.

"किती होतील?"

मित्राने घसा खाकरला नाही. "अडीच हजार. निम्मे आत्ता."

केटररनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, ठेवल्या. खुर्चीवरून उठले, दारापर्यंत गेले आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "करेक्शन दोनच म्हणालात ना? मग तिसरं आत्ताच सांगून ठेवतो."